घोड्याची पाठ आणि माणसाचा हात

गेल्या पावसाळ्यानंतर शनिवारी सकाळी मी घोडेस्वारी शिकायला जायला लागलो. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी खोगिरावर, म्हणजे बसणं काही सुटलेलं नाही! पण निदान हवा मोकळी मिळते, आणि समोर स्क्रीनऐवजी दोन कान दिसतात.

माझ्या वाट्याला आलेला घोडा म्हणजे बादल. स्वभावाने अगदी गरीब. दोनेक महिन्यांनी मात्र तंग आवळताना तो कान मागे पाडायला लागला, वळून चावल्यासारखं करायला लागला. मैदानावर उजवीकडे छान वळायचा, डावीकडे वळताना लाकडासारखा ताठ. मी आपल्या सवयीप्रमाणे रात्री बसून इंटरनेट धुंडाळलं. घोड्यांचा मसाज! परदेशात त्याचे कोर्सेस आहेत, प्रमाणपत्रं आहेत, व्हिडिओ तर ढिगाने. पुढच्या शनिवारी मोठ्या उत्साहाने सईसकाकांना म्हटलं, "काका, याला मालिश करायला पाहिजे. पाठ आखडलीय त्याची."

काकांनी खरारा खाली ठेवला. माझा हात धरून बादलच्या पाठीवर ठेवला, मणक्याच्या उजव्या बाजूला, आणि हळूहळू मागे नेला. काहीच झालं नाही. मग डाव्या बाजूने तसंच. जिथे खोगिराची मागची कड येते तिथे बोटं पोचली आणि कातडीखालचा स्नायू एकदम थरथरला, पाठ खाली दबली.

"चोळतो की मी रोज," काका म्हणाले. "पण तुम्ही बसताय डावीकडं कलून, साहेब. त्याला मी काय चोळू?"

खरं सांगतो, लाज वाटली. पण कुतूहलही तेवढंच वाटलं. घोड्याच्या पाठीवर हात फिरवायची ही विद्या किती जुनी? आणि ती मुळात कशासाठी होती, दुखणं काढायला की दुखणं शोधायला? पुढचे दोन-तीन वीकेंड त्याच्या वाचनात गेले. त्याचा हा गोषवारा.

आधी थोडं शरीरशास्त्र, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय आणि छातीचा पिंजरा यांच्यामध्ये हाडाचा सांधाच नाही. सगळा पिंजरा दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब स्नायू मागे कमरेपर्यंत जातात. त्यांचं काम पाठ हलवणं आणि चालताना सावरणं. ओझं पेलणं हे त्यांचं मूळ कामच नव्हे. आपण बसतो ते नेमके त्यांच्यावर. २००४ साली नेदरलंड्समध्ये काही घोड्यांच्या पाठीवर खोगीर आणि ७५ किलो वजन ठेवून त्यांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं, तेव्हा पाठ खाली झुकलेली मोजता आली. म्हणजे स्वार कितीही चांगला असला तरी पाठीला काही ना काही मोजावं लागतंच. वर तो कलून बसणारा असेल, तर बघायलाच नको.

घोड्यांविषयीचं सर्वात जुनं तपशीलवार लिखाण म्हणजे किक्कुलीच्या मातीच्या विटा. मितान्नी देशाचा हा अश्वशिक्षक इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा. आजच्या तुर्कस्तानात, हित्ती राजधानीच्या उत्खननात त्या विटा सापडल्या. गंमत म्हणजे फेऱ्या मोजायला त्यात जे शब्द आलेत त्यांत आपले एक, तीन, पाच, सात, नऊ चक्क ओळखू येतात. किती पळवायचं, कधी धुवायचं, पांघरुणं घालून घाम कधी काढायचा, चारा किती, असं महिनोन्‌महिने चालणारं वेळापत्रक आहे ते. पण किक्कुलीचे घोडे रथाचे. त्यांच्या पाठीवर कुणी बसतच नव्हतं, त्यामुळे पाठीचा प्रश्नही फारसा नव्हता.

तो येतो झेनोफनकडे. अथेन्सचा हा गृहस्थ सॉक्रेटिसचा शिष्य, आणि भाडोत्री ग्रीक सैन्याला पर्शियातून घरी आणणारा सेनानी. इ.स.पू. चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्या काळी ग्रीकांकडे रिकीब नव्हती आणि आपण म्हणतो तसं खोगीरही नव्हतं. फार तर एखादं जाड कापड टाकून, नाहीतर उघड्या पाठीवरच बसायचं. खराऱ्याचा भाग लिहिताना झेनोफन एक बारीक सूचना करतो. बाकी अंगाला साधनं वापरा, पण पाठीच्या कण्यावरच्या केसांना कुठलंही साधन लावायचं नाही. तिथे फक्त हात. केसांच्या दिशेने हाताने चोळायचं, मऊ करायचं, म्हणजे स्वार बसतो त्या जागेला इजा होणार नाही.

मला ही सूचना फार महत्त्वाची वाटते. यात उपचाराचा मोठा दावा नाही. पण ज्याचा हात रोज त्या जागेवरून फिरतो त्याला काल नव्हती ती गाठ आज कळणार, काल नव्हता तो ऊनपणा आज लागणार. वाटलं तर याला रोजचं मॉनिटरिंग म्हणा.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणातला तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाचा आहे. घोड्यांची नोंदवही, तबेल्याची रचना, रोजचा खुराक, सगळं काटेकोर. दिवसातून दोनदा घोड्यांना आंघोळ, चंदनाची पूड आणि हार, असा थाट सांगितलाय. पण मला आवडलं ते पुढचं. औषधातल्या दोषाने किंवा हलगर्जीपणाने दुखणं वाढलं तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि उपचार पार उलटला तर जनावराच्या किमतीइतका दंड! आमच्या क्षेत्रातले सर्व्हिस देण्याचे करार इतके कडक असते तर निम्म्या कंपन्या बंद पडल्या असत्या. विनोद सोडा, मुद्दा असा की घोड्याला हात लावणारा माणूस त्याच्या पुढच्या अवस्थेला जबाबदार आहे, हे इथे नियम म्हणून लिहिलंय.

मराठीत तर या विषयाचे शब्द अजून जिवंत आहेत. खरारा, तोबरा, चंदी, पागा, मोतद्दार. आणि खोगीरभरती! घोडा पाहिलेला नसला तरी हा शब्द आपण रोज वापरतो. प्रोजेक्टमध्ये नुसती डोकी वाढवली की म्हणतोच, सगळी खोगीरभरती. मूळ अर्थ साधा: खोगीर फुगवायला आत कोंबलेला कसलाही चिंध्या-चोथा. आता हा चोथा एका बाजूला गोळा झाला तर काय होईल? वरून खोगीर गुबगुबीत दिसेल, पण खाली घोड्याच्या पाठीवर तेवढीच जागा तासन्‌तास दाबली जाईल. दाबलेल्या जागी रक्त पोचत नाही, स्नायू आखडतो, मग कातडी सोलवटते आणि शेवटी जखम होते. भाषेने त्यातला निरुपयोगीपणा तेवढा लक्षात ठेवला. दुखणारी पाठ विसरली.

सैन्यांना मात्र ती पाठ विसरून चालण्यासारखं नव्हतं. घोडदळाचा निम्मा व्यवहार पाठ वाचवण्याचा. स्वारांनी अधूनमधून उतरून पायी चालायचं. मुक्कामाला पोचल्यावर खोगीर एकदम काढायचं नाही. तंग सैल करून थोडा वेळ तसंच ठेवायचं, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त हळूहळू परत येतं. मग पाठ हाताने चोळायची, थोपटायची. इंग्रजी तबेल्यांत याच्या जोडीला गवताची वेणी असे. वाळलेलं गवत पिळून वळून त्याचा घट्ट जुडगा करायचा, किंचित ओला करायचा आणि मान, खांदे, पुठ्ठे यांच्या मांसल भागांवर तालात थापत चोळायचा. त्याने रक्त खेळतं आणि स्नायू भरतात अशी पक्की समजूत होती. चांगल्या मोतद्दाराची ओळख म्हणजे हे करताना त्याला आलेला घाम.

याच काळात फ्रेडरिक स्मिथ नावाचे ब्रिटिश सैन्यातले पशुवैद्य, पुढे त्या खात्याचे प्रमुख झाले, यांनी १८९१ साली खोगिरं आणि सोललेल्या पाठी या विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. विषयांची जोडी बघा. पाठ दुखते हा रोग म्हणून सुटा घ्यायचा नाही, खोगिराबरोबर घ्यायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर लक्षण आणि मूळ कारण एकाच तिकिटात.

आणि तरीही काय झालं? आठच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिशांनी तिथे सुमारे ५ लाख १८ हजार घोडे वापरले. त्यातले सुमारे ३ लाख २६ हजार मेले. बहुतेक गोळ्यांनी नव्हे, तर उपासमारीने, रोगांनी आणि थकव्याने. समुद्रप्रवासाने खंगलेले घोडे विश्रांती न देता थेट आघाडीवर पाठवले गेले. पाठीवर स्वार आणि सामान मिळून सव्वाशे किलोच्या आसपास ओझं. घोडा रोडावला की काल बसत असलेलं खोगीर आज बसत नाही, आणि पाठ जाते. ज्ञान होतं, पुस्तक होतं, चोळणारे हातही होते. पण त्या हातांना जे कळत होतं ते वर ऐकणारं कुणी नव्हतं. तारखा ठरलेल्या होत्या. (ओळखीचं वाटतंय ना?)

पुढे मोटारी आल्या, रणगाडे आले, आणि घोडा सैन्यातून हळूहळू खेळाच्या मैदानावर आला. त्याबरोबर हातही बदलले. मोतद्दाराच्या रोजच्या कामातून चोळणं वेगळं निघालं आणि तो एक व्यवसाय झाला.

त्याचं शास्त्र माणसांच्या मसाजकडून आलं. एकोणिसाव्या शतकात नेदरलंड्सच्या योहान मेझगर या डॉक्टरने लांब फिरवणं, मळणं, घासणं, थापणं असे हाताच्या हालचालींचे प्रकार रुळवले. आज ज्याला स्वीडिश मसाज म्हणतात त्याचा पाया हाच. खेळाडूंवर काम करणारा जॅक मेहर नावाचा अमेरिकन हेच तंत्र १९७० च्या दशकात स्पर्धेच्या घोड्यांवर वापरायला लागला. त्याचं म्हणणं असं की स्नायू जिथे हाडाला चिकटतो त्याच्या आसपास ठराविक जागी आखडण सुरू होते. तिथे आधी सरळ दाब द्यायचा आणि मग तंतूंना आडवं घासायचं. १९८५ साली त्याचं घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवरचं पुस्तक आलं आणि पुढच्या पिढीतल्या मसाजवाल्यांना एक नकाशा मिळाला.

दुसरी वाट लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांची. १९७० च्या दशकात त्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकल्या. फेल्डेनक्राइस मुळात अभियंते आणि ज्युडोपटू. शरीराला जोर लावून सरळ करण्यापेक्षा मज्जासंस्थेला नवी हालचाल दाखवा, हा त्यांचा विचार. लिंडाबाईंनी त्यातून घोड्याच्या कातडीवर बोटांनी सव्वा वर्तुळ काढायचा हलका स्पर्श बसवला. दाबणं नाही, रेटणं नाही. त्यानंतर जिम मास्टरसन यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: हात फिरवताना घोड्याच्या तोंडाकडे बघा. पापणी लवते, ओठ हलतो, मग जांभई येते. जिथे पापणी लवली तिथे थांबायचं, आणि घोडा सोडून देईपर्यंत वाट बघायची.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, पण उपयोग होतो का? मलाही हाच प्रश्न पडला होता.

१९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर एक सुंदर प्रयोग झाला. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतेक मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याजवळ. संशोधकांनी तिथे हाताने खाजवलं तर हृदयाचे ठोके कमी झाले. दुसऱ्या जागी खाजवलं तर झाले नाहीत. २००४ साली इंग्लंडमध्ये मसाजवर झालेल्या छोट्या अभ्यासातही घोड्यांच्या आवडीच्या अशा जागांवर ठोके जास्त उतरले. म्हणजे घोडा शांत होतो, हे तरी खरं.

दुखण्याचं काय? २००८ साली अमेरिकेत ३८ घोड्यांवर एक अभ्यास झाला. पाठीवर किती दाब दिला की घोडा प्रतिक्रिया देतो ते आधी आणि नंतर मोजलं. सात दिवसांनी ही सहनशक्ती मणक्यावरच्या हस्तोपचाराने २७ टक्के, मसाजने १२ टक्के आणि नेहमीच्या वेदनाशामकाने ८ टक्के वाढली. काहीच न केलेल्या घोड्यांत फरक जवळपास शून्य. आकडे बघून मी खूश झालो, मग बारीक अक्षरं वाचली. हे घोडे आधीपासून दुखणारे नव्हतेच, धडधाकट होते. आणि २०२२ साली अशा हस्तोपचारांवरचे अभ्यास गोळा करून घेतलेल्या आढाव्याचा निष्कर्षही सावध आहे: अभ्यास थोडे, लहान आणि कच्चे, त्यामुळे ठाम काही सांगता येत नाही.

थोडक्यात, मालिशने घोड्याला बरं वाटतं हे बऱ्यापैकी खरं. मालिशने तो बरा होतो याचा पुरावा तोकडा.

दुसऱ्या बाजूला, दुखणं ओळखण्याचं शास्त्र मात्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने पुढे गेलं. सू डायसन या ब्रिटिश पशुवैद्य. त्यांनी आणि लीना ग्रेव्ह यांनी २०१३ साली दाखवलं की खोगीर सारखं एका बाजूला सरकत असेल तर दोष दर वेळी खोगिराचाच नसतो. मागच्या पायाचा डोळ्यांना न दिसणारा लंगडेपणाही त्यामागे असू शकतो. २०१८ साली डायसनबाईंनी स्वार पाठीवर असतानाच्या २४ वागणुकींची यादी प्रसिद्ध केली. कान मागे पाडणं, शेपटी झटकणं, तोंड उघडणं वगैरे. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखतंय असं धरून चाला. "खोडकर आहे", "आळशी आहे", "नाटकं करतोय" असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंचसं दुखणं निघतं.

म्हणजे फिरून गाडी झेनोफनच्या सूचनेवर येते. पाठीवरच्या हाताला नेहमीच दोन कामं होती: आराम देणं आणि खबर आणणं. आराम देणं आपण शिकलो, त्याचे वर्ग काढले, त्याचं शुल्क लावलं. खबर ऐकणं मात्र आपल्याला आजही जड जातं, कारण खबर ऐकली तर काहीतरी थांबवावं लागतं. मोहीम, नाहीतर स्पर्धा, नाहीतर माझा शनिवारचा क्लास. आणि न ऐकता नुसतंच चोळत राहिलो तर मालिशचा अर्थच बदलतो. मग ती घोड्याला त्याच खोगिराखाली, त्याच स्वाराखाली परत उभं करण्यापुरती केलेली डागडुजी होते. मूळ बग तसाच ठेवून दर आठवड्याला सर्व्हर रीस्टार्ट करणारी मंडळी आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची आहेत.

बादलचं पुढे काय झालं ते सांगतो. डॉक्टरांनी त्याला चालवून, वळवून, पाय वाकवून तपासलं, लंगडेपणा नव्हता. खोगीर उलटं करून बघितलं तर डाव्या बाजूची भरती दबून दगड झाली होती. ती उसवून नव्याने भरली. बादलला महिनाभर पाठीवर कुणी नाही, फक्त हाताने धरून चालवणं. त्या महिन्यात मी जायचो ते खरारा करायला. काकांनी शिकवलं: खरारा मांसावर, कण्यावर फक्त तळवा.

आणि मी? मी फिजिओकडे गेलो. उजवा खुबा आखडलाय म्हणाल्या, म्हणून शरीर डावीकडे कलतं. कारण विचारलं तर हसल्या. "दिवसाचे किती तास बसता?" गेली चार वर्षं मी दर दोन-तीन महिन्यांनी पाठ दाबून घेतोय, आणि परत जाऊन त्याच खुर्चीत बसतोय. ते सगळं माझ्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. आता त्याचा हिशेब दुसऱ्याच्या पाठीवर निघत होता, ज्याला तोंडाने सांगता येत नाही.

आता रोज सकाळी वीस मिनिटं खुब्याचे व्यायाम करतो. आणि शनिवारी खोगीर चढवायच्या आधी आणि उतरवल्यानंतर बादलच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी तळवा फिरवतो. गेल्या दोन शनिवारी थरथर लागली नाही. लागली तर त्या दिवशी बसायचं नाही, असं काकांना सांगून ठेवलंय. ते नुसतं "बघू" म्हणाले.

असो. भेटू पुढच्या वीकेंडला.